वैद्यकाच्या बाडांतील वनस्पती आणि विषाणुनाशक द्रव्यांचा शोध

आमच्या संग्राहक मंडळींच्या दप्तरांत सनदा, महजर, वंशावळी व पत्रव्यवहार यांच्या खालोखाल जर कांहीं विपुल सांपडत असेल तर तीं वैद्यकाचीं बाडें होत. परंतु त्यांकडे पाहण्याची आपली दृष्टि बहुधा उदासीन असते. ज्या कागदावर मिति नाहीं, राजाचें किंवा सरदाराचें नांव नाहीं, त्याचा इतिहासास काय उपयोग, असें मनांत येऊन तीं बाडें बासनाच्या तळाशीं जातात. गेल्या साठसत्तर वर्षांत मात्र या कागदांस एक नवें गिऱ्हाईक उत्पन्न झालें आहे. रसायनशास्त्रज्ञ व विषाणुशास्त्रज्ञ जुन्या वनस्पतींतून विषाणूंस आळा घालणारीं द्रव्यें निघतात कीं काय, याची पद्धतशीर छाननी करीत आहेत. ही छाननी कशी चालते, तिला जुन्या लेखांपासून नेमकें काय पाहिजे असतें, आणि तें पुरविण्यांत आपल्या हातून कोणती चूक होऊं शकते, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. चूक म्हणतों ती आमच्याच हातून घडलेली आहे. तिची हकीकत पुढें येईल.

आम्ही राहतों तें कासारवाडी हें गांव पुणें-मुंबई सडकेवर व लोहमार्गावर, पवनेपासून जवळ वसलेलें असून आतां पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत मोडतें. शेजारीं पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथील संशोधक एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनीं १९६१ च्या सुमारास पिंपरीच्याच एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन नांवाचें औषध काढलें व त्या जीवाला स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना असें नांव पडलें. हें औषध बुरशीवरचें आहे, विषाणूंवरचें नव्हे. तरी तें येथें सांगण्याचें कारण असें कीं, कोठल्या जागीं काय सांपडलें याची आठवण त्या नांवांतच राहिली आहे. ज्यानें शोध लावला त्यानें आपल्या द्रव्याचें जन्मस्थान हरवूं दिलें नाहीं. वैद्यकाच्या बाडांसंबंधानें आपण एवढीच काळजी घेतली असती तर हा लेख लिहिण्याची गरज पडली नसती.

खुद्द विषाणूंच्या अभ्यासाचें पीठहि आमच्यापासून दूर नाहीं. पुण्यास १९५२ सालीं भारतीय वैद्यक संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्यानें विषाणु संशोधन केंद्र निघालें. १९७८ पासून तें राष्ट्रीय विषाणु विज्ञान संस्था या नांवानें ओळखलें जातें. २०२० च्या साथींत करोना विषाणु प्रयोगशाळेंत वेगळा काढून वाढविण्याचें काम याच संस्थेनें केलें.

आतां विषाणु म्हणजे काय हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. जंतु स्वतंत्रपणें जगूं शकतो. विषाणु तसा जगूं शकत नाहीं. तो दुसऱ्या जीवाच्या पेशींत शिरतो व त्या पेशीच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती काढवून घेतो. म्हणून विषाणूस मारणें हें जंतूस मारण्यापेक्षां अवघड आहे. चोर घरांत शिरून घरच्याच माणसांकडून काम करवून घेत असतां घराला आग लावून चोर मारण्यांत कांहीं अर्थ नसतो. आमच्या प्राचीन ग्रंथांत मसूरिका, रोमान्तिका, कामला हे विकार वर्णिलेले आहेत, आणि त्यांपैकीं कांहींच्या मुळाशीं विषाणु असतात हें आज ठाऊक आहे. परंतु ग्रंथकारांस विषाणु ठाऊक नव्हता. म्हणून एखाद्या बाडांत देवीवर किंवा काविळीवर औषध आढळलें तर ‘प्राचीनांस विषाणुनाशक ठाऊक होतें’ असें लिहिणें हें संशोधन नव्हे. त्यांना रोग्याच्या अंगावर दिसणारें लक्षण ठाऊक होतें, आणि अमुक पाल्यानें बरें वाटतें असा त्यांचा अनुभव होता. कावीळ तर विषाणूवांचून इतर अनेक कारणांनींहि होते. बाडांतील नोंद ही साक्ष आहे, निकाल नव्हे.

या साक्षीची उलटतपासणी प्रयोगशाळेंत होते, ती अशी. प्रथम वनस्पति फुलाफळांसह गोळा करून तिचा दाबून वाळविलेला नमुना, गांव व तारीख लिहून, वनस्पतिसंग्रहांत ठेवितात. मग तिच्या विवक्षित अंगाचा, म्हणजे मूळ, साल, पान किंवा सर्व पंचांग यांचा, पाण्यांत व अल्कोहोलांत अर्क काढितात. विषाणु पेशींवांचून वाढत नसल्यामुळें कांचेच्या भांड्यांत जिवंत पेशींचा थर लावावा लागतो. या कामीं जगभर वापरल्या जाणाऱ्या व्हेरो नांवाच्या पेशी जपानांत १९६२ सालीं एका आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडांतून घेतलेल्या असून त्यांचा वंश अद्याप चालू आहे. नुसता अर्क घालून किती मात्रेस पेशी मरूं लागतात हें आधीं पाहतात. मग विषाणु व अर्क दोन्ही घालतात. विषाणूनें जेथें पेशी मारल्या तेथें थरावर रिकामे ठिपके पडतात, ते मोजतात. अर्कानें ठिपके कमी झाले तर त्यांत कांहीं तरी आहे.

परंतु येथेंच फसगतीचीं स्थळें आहेत. निम्म्या पेशींस मारणाऱ्या मात्रेस, विषाणूची वाढ निम्म्यावर आणणाऱ्या मात्रेनें भागावें. भागाकार एकाच्या आसपास आला तर अर्क विषाणूइतकाच पेशींसहि मारक आहे. तो बराच मोठा आला तरच पुढें जाण्यांत अर्थ. शिवाय हिरडा, बाभळीची साल यांसारख्या तुरट द्रव्यांतील टॅनिन सरसकट सर्व प्रथिनांस चिकटतें; त्यामुळें भांड्यांत गुण दिसतो, परंतु पोटांत घेतल्यावर तो टिकेलच असें नाहीं. या चाळण्यांतून जो अर्क उरतो त्याचे भाग पाडून, प्रत्येक भाग पुन्हां विषाणूवर तपासून, अखेर एकच द्रव्य शुद्ध स्वरूपांत हातीं लागेपर्यंत काम चालतें. त्यानंतर प्राणी आणि शेवटीं माणूस. लखनौच्या केंद्रीय औषधि संशोधन संस्थेनें १९६८ पासून भारतीय वनस्पतींच्या अशा तपासणीचे वृत्तांत क्रमशः प्रसिद्ध केले. त्यांत कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या विषाणूवरील परीक्षाहि होत्या. तेव्हांपासून शेंकडों वनस्पती तपासल्या गेल्या. रुग्णाच्या हातीं पडण्याजोगें त्यांतून फारच थोडें निघालें. एवढ्या खटाटोपाच्या प्रारंभीं जर वनस्पतीच चुकीची घेतली गेली, तर पुढील सर्व श्रम व्यर्थ होतात. आणि वनस्पति कोणती घ्यावी हें सांगणारा कागद आपल्या हातांत असतो.

पहिली गांठ नांवाची. ‘पाठा’ ही संहितांतून वारंवार येणारी वेल घ्या. महाराष्ट्रांत पाठा म्हणजे पहाडवेल, वनस्पतिशास्त्रांतील सिसँपेलॉस परेरा, असें मानतात. केरळांतील वैद्य पाठा म्हणून सायक्लिया पेल्टाटा ही निराळी वेल वापरतात. दोन्ही एकाच कुळांतल्या, दोन्ही सह्याद्रींत उगवणाऱ्या. दिल्ली येथील संशोधकांनीं २०१५ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, पहाडवेलीचा अल्कोहोलांत काढलेला अर्क डेंग्यूच्या चारहि प्रकारच्या विषाणूंची वाढ पेशींत रोखतो व उंदरांसहि कांहीं अंशीं वांचवितो. हा गुण पहाडवेलीचा. तो दुसऱ्या पाठेंत असेलच असें म्हणतां येत नाहीं. मग एखाद्या बाडांत तापावर ‘पाठा’ लिहिली असेल तर ती कोणती? संस्कृत नांवावरून याचा उलगडा होणें कठीण. लिहिणाऱ्यानें आपल्या गांवचा शब्द लिहिला असेल तरच होण्याचा संभव.

भुईआवळीची कथा याहून बोधप्रद आहे. संस्कृत भूम्यामलकी, काविळीवर हिचा उपयोग आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. आपल्याकडील ग्रंथांत हिला फायलँथस निरुरी असें नांव सर्रास दिलेलें असे. परंतु त्या नांवाची खरी वनस्पति अमेरिकेकडील आहे. १९८५ सालीं मित्र व जैन यांनीं दाखविलें कीं भारतांत त्या एका नांवाखालीं फायलँथस अमारस, फ्रॅटर्नस व डेबिलिस अशा तीन निरनिराळ्या वनस्पती वावरत होत्या. १९८८ सालीं मद्रासचे त्यागराजन व त्यांचे सहकारी यांनीं, ब प्रकारच्या काविळीचा विषाणु शोधून नोबेल पारितोषिक मिळविलेले ब्लुंबर्ग यांच्यासह, एक परीक्षा प्रसिद्ध केली. हा विषाणु अंगांत वागविणाऱ्या ३७ जणांस तीस दिवस फायलँथस अमारसचें चूर्ण दिलें असतां २२ जणांच्या रक्तांतील विषाणूची खूण नाहींशी झाली; नुसतें निरुपद्रवी चूर्ण दिलेल्या २३ जणांपैकीं एकाचीच झाली. जगभर आशा उत्पन्न झाली. पण पुढें थायलंड व हॉलंड येथें झालेल्या परीक्षांत तसा गुण आला नाहीं. वनस्पति निराळ्या भूमींतली होती, कीं तयारी निराळी, कीं रोगी निराळे, कीं मूळचा गुणच आकस्मिक, याविषयीं मतें झालीं. भुईआवळी मात्र काविळीचें सिद्ध औषध ठरली नाहीं. अभिमानापोटीं अर्धीच कथा सांगणारे आपल्यांत पुष्कळ आहेत, म्हणून ती येथें पुरी दिली.

दुसरी गांठ तयारीची. या बाबतींत चीन देशांतील उदाहरण विषाणूंचें नसून हिंवतापाचें आहे, तरी पोथ्या जपणाऱ्या प्रत्येकानें तें ध्यानांत ठेवावें असें आहे. बाई तू यूयू यांच्याकडे हिंवतापावर जुन्या औषधींतून उपाय शोधण्याचें काम होतें. छिंगहाव या वनस्पतीच्या अर्काचा गुण कधीं येई, कधीं येत नसे. तेव्हां चौथ्या शतकांतील को हुंग याच्या एका उपचारग्रंथांतील नोंद त्यांच्या नजरेस आली. तींत वनस्पति उकळावयास सांगितलेलीच नव्हती. ती पाण्यांत भिजवून, पिळून, रस प्यावयास सांगितला होता. उष्णतेनें गुण नष्ट होत असावा असें ताडून त्यांनीं १९७१ सालीं कमी उष्णतेवर ईथरमध्यें अर्क काढला आणि तो उंदरांच्या हिंवतापावर पूर्ण लागू पडला. त्यांतूनच आर्टेमिसिनिन निघालें व २०१५ सालीं बाईंस नोबेल पारितोषिक मिळालें. कोणा लेखकानें ती नोंद उतरवितांना ‘काढा करून द्यावा’ असें सोयीचें रूप दिलें असतें, तर काय झालें असतें याचा वाचकांनींच विचार करावा.

आमच्या शास्त्रांत हा भेद अधिक काटेकोरपणें मांडलेला आहे. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फांट हे पांच कषाय चरकापासून प्रसिद्ध आहेत. शार्ङ्गधराच्या मानाप्रमाणें क्वाथाकरितां द्रव्याच्या सोळा पट पाणी घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवावें. हिमाकरितां द्रव्य सहा पट थंड पाण्यांत रात्रभर भिजत ठेवावें. फांटाकरितां चार पट कढत पाण्यांत टाकून गाळावें. आटविलेल्या काढ्यांत जें उरतें तें हिमांत असेलच असें नाहीं, आणि हिमांतलें नाजूक द्रव्य काढ्यांत जळून जाऊं शकतें. म्हणून ‘हिम’ हें दोन अक्षरी पद रसायनशास्त्रज्ञाला एका प्रयोगाची दिशा देतें.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. करोनाच्या साथींत गुळवेलीचा काढा घरोघर उकळूं लागला. २०२० च्या अखेरच्या महिन्यांत गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांस यकृताची इजा झाल्याचें मुंबईच्या वैद्यांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलें. त्यावर आयुष मंत्रालयानें असा आक्षेप घेतला कीं, वनस्पतीची ओळख पटविलेली नाहीं. टिनोस्पोरा क्रिस्पा ही दिसण्यांत सारखी असणारी वेल घेतली गेली असेल. आक्षेप योग्य होता. परंतु पुढें अनेक केंद्रांनीं मिळून २०२२ सालीं दिलेल्या वृत्तांतांत, हातीं आलेले नमुने तपासले असतां ते खऱ्या गुळवेलीचेच ठरले. तात्पर्य, ओळख पटविण्याचा आग्रह धरावा आणि ती पटल्यावर निकाल आपल्या मनाविरुद्ध गेला तरी तो स्वीकारावा. बाडांत औषध आहे एवढ्यावरून तें कोणीं घ्यावें असें आम्ही म्हणत नाहीं.

आतां आमची चूक. सुमारें तीस वर्षांपूर्वी गांवांतील एका जुन्या घरांतलें मोडी बाड आम्हांस आठ दिवसांकरितां पाहावयास मिळालें. त्या घराण्यांत पूर्वीं वैद्यकी चालत असे. आम्ही संस्कृत शिकविणारे. गांवठी नांवें आम्हांस अपभ्रष्ट वाटत. म्हणून उतरवितांना आम्हीं प्रत्येक ठिकाणीं निघंटूंतलें शुद्ध नांव घातलें, आणि रोग व औषध एवढें ठेवून ‘कसें करावें, कशाबरोबर द्यावें’ हा मजकूर विस्तारभयास्तव गाळला. ताप येऊन सांधे धरतात त्यावर तेथें एक वेल सांगितली होती. आमच्या वहींत ती ‘पाठा’ झाली आहे. कांहीं वर्षांपूर्वी आमचा एक जुना विद्यार्थी, जो आतां विषाणूंवर काम करितो, ती वही पाहून तीन प्रश्न विचारता झाला: मुळांत शब्द कोणता होता? मूळ घ्यावयाचें होतें कीं पाला? उकळावयाचें होतें कीं भिजवावयाचें? एकाचेंहि उत्तर वहींत नव्हतें. आम्ही त्या घराकडे गेलों. जुनें घर पाडून तेथें इमारत उभी राहिली होती. घरच्या वृद्ध बाईंनीं आम्हांस ओळखलें, चहा दिला आणि म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही तें सगळें उतरून घेतलें होतें ना? म्हणून तर तें रद्दींत दिलें.”

या वाक्याचें ओझें आमच्या मनावरून उतरलेलें नाहीं. बाड त्यांनीं टाकिलें खरें, पण आमच्या भरंवशावर टाकिलें. त्या वेलीनें कांहीं साधलें असतें असें आम्ही म्हणत नाहीं. वर सांगितलेल्या चाळण्यांतून ती बहुधा गळाली असती. पण तिची परीक्षा होण्याची वाट मात्र आमच्या शुद्धीकरणानें बंद झाली.

याच्या उलट, काम कसें करावें याचा कित्ता साडेतीनशें वर्षांपूर्वीं घालून दिलेला आहे. मलबारचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानें सिद्ध केलेला ‘होर्टुस मलबारिकुस’ हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळांत अ‍ॅमस्टरडॅम येथें बारा खंडांत निघाला. त्याच्या कामीं रंग भट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोंकणी वैद्यांनीं साह्य केलें. त्यांचें १६७५ सालचें नागरी लिपींतील कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडांत छापलेलें आहे. तेथें वनस्पतीचें चित्र आहे आणि शेजारीं देशी नांवें आहेत. म्हणून आजचा वनस्पतिशास्त्रज्ञ त्या नोंदीवरून प्रत्यक्ष झाडापर्यंत पोंचूं शकतो.

तेव्हां आमची संग्राहकांस विनंति अशी. वैद्यकाचें बाड हातीं आलें तर लेखणी उचलण्यापूर्वीं त्याच्या प्रत्येक पानाचें, कोऱ्या व फाटक्या पानांसह, छायाचित्र घ्यावें. नांव जसें लिहिलें असेल तसेंच उतरावें. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो, म्हणून दोन वाचनें संभवत असतील तर दोन्ही द्यावीं, आणि संस्कृत पर्याय सुचवावयाचा तर तो तळटीपेंत, आपल्या नांवावर सुचवावा. चिमूट, मूठ, मासा, तोळा हीं मापें बदलूं नयेत. वनस्पतीचें अंग, ऋतु, उकळणें-भिजविणें-वाटणें, अनुपान, पथ्य यांतील एक अक्षरहि गाळूं नये. घरांत कोणी जाणतें माणूस असेल तर त्याजकडून वनस्पति दाखवून घ्यावी, फुलाफळांची फांदी दाबून वाळवावी, वर गांव व तारीख लिहावी आणि ती तज्ज्ञांस दाखवावी. भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचें पश्चिम विभागाचें कार्यालय १९५५ पासून पुण्यांतच आहे. बाड ज्यांचें आहे त्यांची अनुमति घ्यावी व त्यांचें नांव द्यावें कीं नाहीं हें त्यांनाच ठरवूं द्यावें. आणि नकल पुरी झाल्यावर मालकांस स्पष्ट सांगावें कीं, नकल ही मुळाची जागा घेत नाहीं. मूळ जपून ठेवा.

अशा कागदाचा आणखी एक उपयोग आहे. जखमेवर हळद लावण्याच्या गुणावर अमेरिकेंत १९९५ सालीं दिलें गेलेलें एकस्व, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुने लेखी आधार पुढें केल्यावर १९९७ सालीं रद्द झालें. जें आपल्या घरोघर ठाऊक होतें तें सिद्ध करावयास कागदच लागला. कागदाचें वय व प्रामाण्य ठरविणें हें तर आपलेंच काम. लिपीच्या वळणावरून, कागदाच्या जातीवरून, शेजारच्या हिशेबांतील एखाद्या मितीवरून आपण तें नित्य करितों.

आमची ती वही आम्हीं आहे तशीच ठेविली आहे. पहिल्या पानावर आतां एवढेंच लिहिलें आहे कीं, यांतील वनस्पतींचीं नांवें मुळांतील नसून उतरविणाराचीं आहेत, सबब तीं प्रमाण मानूं नयेत. आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या बासनांत अशीं बाडें पडून असतील, तर तीं यंदाच्या सुट्टींत सोडून पाहावीं.